मीठ फुटलं, घेवड्यानं सांगितलं

कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवलं की अर्ध्या तासात ताटलीत पाणी साठतं. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ आधीच लावलं तर पानात वाढेपर्यंत तिचं नुसतं पाणी होतं. हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं, एवढं शास्त्र प्रत्येकीच्या ओट्यावर रोज घडतं. पण मैत्रिणींनो, हेच शास्त्र शेतात घडायला लागलं तर? मुळं ओल्या मातीत असतात आणि रोप मात्र तहानेनं सुकतं. मातीतलं मीठ मुळाला पाणी ओढूच देत नाही.

आमच्या कृष्णाकाठी, सांगली-कोल्हापूरकडे, हे आता नवं राहिलेलं नाही. पाणी आलं तसा ऊस आला, उसाबरोबर पैसा आला, स्लॅबची घरं झाली, पोरंपोरी शिकल्या. ते कुणी नाकारू नये. पण आमच्या काळ्या जमिनीला पाण्याचा निचरा जेमतेम. वर्षानुवर्षं पाटानं भरपूर पाणी देत गेलं की जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते. मग वातीतून तेल चढावं तसं ते पाणी मातीतून वर येतं, उन्हानं उडून जातं आणि त्यातले क्षार मागे उरतात. सकाळी रानात गेलं तर ढेकळांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. ‘मीठ फुटलं’ म्हणतात आमच्याकडे. महाराष्ट्रात अशी क्षारपड आणि चोपण जमीन मिळून सुमारे ६ लाख हेक्टर आहे. जगाचा हिशेब जागतिक अन्न व कृषी संघटनेनं २०२४ च्या अहवालात मांडला: १३८ कोटी हेक्टर, म्हणजे एकूण जमिनीच्या १०.७ टक्के!

आता यात बायकांचा संबंध काय, असं कुणी विचारेल. आहे ना! उसाचं बिल येतं ते सोसायटीच्या आणि बँकेच्या कर्जात वळतं होतं. बाईच्या हातात खेळतो तो पैसा बांधावरच्या आणि सरीतल्या भाजीचा. नव्या लावणीच्या उसात वरंब्याच्या बगलेला घेवडा टोकायचा, कडेनं मेथी-कोथिंबीर टाकायची आणि आठवड्याच्या बाजाराला पाटी घेऊन बसायचं. पोरांच्या वह्या, सासूबाईंच्या गोळ्या, भिशीचा हप्ता, सगळं त्यातून. आणि मीठ फुटलं की पहिला बळी जातो तो याच घेवड्याचा.

घेवडा म्हणजे इथं श्रावणघेवडा, कुणी फरसबी म्हणतं, तो. वाळलेला दाणा घेतला की तोच राजमा. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला, वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखे पट्टे मिरवणारा वाघ्या घेवडाही त्याच जातीचा. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपला पावट्या-वालाचा घेवडा मात्र वेगळ्या जातीचा.

जमिनीत क्षार किती हे विजेच्या वाहकतेवरून मोजतात. त्याचं माप ‘डेसी सायमन प्रति मीटर’. आपण सोयीसाठी नुसतं ‘युनिट’ म्हणू. ४ युनिटच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त ठरते. घेवड्याला मात्र १ युनिटच्या पुढे गेलं की त्रास सुरू होतो आणि पुढच्या प्रत्येक युनिटमागे उत्पन्न साधारण १९ टक्क्यांनी घटतं. म्हणजे ४ युनिटला निम्म्याहून जास्त शेंगा गेल्या! त्याच रानात ऊस १.७ युनिटपर्यंत निभावतो आणि पुढे युनिटमागे ६ टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे ४ युनिटला सुमारे १४ टक्के. एवढी घट घरातल्या कुणाच्या लक्षात येत नाही. ‘औंदा तोड उशिरा आली’, ‘खत कमी पडलं’, असं म्हणून ती खपून जाते. घेवड्याचं तसं नाही. तो खोटं बोलत नाही आणि उशिराही बोलत नाही. खालच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, उगवण विरळ झाली, मुळांवरच्या गाठी दिसेनाशा झाल्या, की समजावं जमीन काहीतरी सांगते आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या एक काकू अशीच करपलेली चार रोपं मुळासकट उपटून बैठकीला घेऊन आल्या. त्याच सुमाराला गावात जीपगाडी घेऊन एक विक्रेता फिरत होता. त्याच्याकडे म्हणे ‘मिठाचा जीन घातलेलं’ घेवड्याचं बी होतं, कसल्याही खाऱ्या रानात हमखास येणारं. किंमत नेहमीच्या बियाण्याच्या कितीतरी पट. गटाच्या बचतीतून सगळ्यांनी मिळून घ्यायचं का, असा प्रश्न निघाला. पैसा दहा जणींच्या घामाचा, म्हणून मी म्हटलं, आधी हा ‘मिठाचा जीन’ काय प्रकार आहे ते समजून घेऊ. मी कला शाखेची. पण वाचायला आणि कृषीच्या लोकांना विचारायला शाखा आडवी येत नाही. जे समजलं ते इतकं रंजक निघालं की तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

जीन म्हणजे जनुक. आपल्याकडे पाककृतींची वही असते तशी प्रत्येक पेशीत एक वही असते. तिच्यातली एकेक पाककृती म्हणजे एकेक जनुक. घेवड्याची ही अख्खी वही शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये वाचून काढली. तिचे खंड, म्हणजे गुणसूत्रांच्या जोड्या, ११ आणि पाककृती सुमारे २७ हजार! सगळ्या पाककृती रोज करत नाहीत. दिवाळीला चकलीचं पान उघडतं, बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचं. तसंच रोपाचं आहे. मीठ वाढलं की ठरावीक पानं उघडतात.

आणि जनुकांचं ‘कुटुंब’ म्हणजे काय? सासूबाईंच्या वहीतली भाजणीची चकली आपण उतरवून घेतो. मग कधी त्यात मूग घालतो, कधी नुसत्या तांदळाची करतो. मूळ पाककृती एकच, पण उतरवता उतरवता चार प्रकार होतात आणि प्रत्येकाची वेळ वेगळी, वापर वेगळा. निसर्गातही असंच होतं. जनुकाची चुकून दुसरी प्रत निघते, एक प्रत जुनं काम करत राहते आणि दुसरी हळूहळू बदलून नवं काम शिकते. घेवडा आणि सोयाबीन यांच्या पूर्वजाच्या तर सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी अख्ख्या वहीचीच दुसरी प्रत निघाली होती. अशा सारख्या तोंडावळ्याच्या जनुकांना शास्त्रज्ञ ‘जनुक कुटुंब’ म्हणतात.

मिठाचा हल्ला दुहेरी असतो. पहिला तहानेचा, जो आपण कारल्यात पाहिला. दुसरा विषाचा. मिठातलं सोडियम पेशीत शिरतं आणि पोटॅशियमच्या जागेवर जाऊन बसतं. पोटॅशियमशिवाय पेशीतली कितीतरी कामं चालत नाहीत. मग ती अडतात आणि पानं कडेनं जळू लागतात. या हल्ल्याशी एकटंदुकटं जनुक लढत नाही. कामं वाटून घेतलेली असतात.

पहिलं कुटुंब ‘एसओएस’. मुळाच्या पेशीत सोडियम वाढलं की कॅल्शियमची लाट उठते. जणू दारावरची घंटा! या कुटुंबातलं एक प्रथिन ती ऐकतं, दुसऱ्याला जागं करतं आणि ते तिसऱ्याला कामाला लावतं. तिसरं म्हणजे पेशीच्या वेशीवरचा पंप. तो सोडियम बाहेर फेकतो. मोहरीच्या घराण्यातल्या एका इवल्याशा रानटी रोपात ही साखळी पहिल्यांदा सापडली. ज्या रोपांत ती बिघडली होती ती मिठाला फारच हळवी निघाली, म्हणून ‘मिठाला अतिसंवेदनशील’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून हे नाव पडलं. बुडणारं जहाज मदतीसाठी हीच तीन अक्षरं पाठवतं, हा योगायोग मला भारी वाटला.

सगळं मीठ काही बाहेर टाकता येत नाही. उरलेल्याची सोय ‘एनएचएक्स’ कुटुंब लावतं. पेशीच्या मधोमध एक मोठी पोकळी असते. नको असलेलं सामान आपण माळ्यावर टाकतो, तसं हे कुटुंब सोडियम त्या पोकळीत नेऊन कोंडतं. तिसरं कुटुंब ‘एचकेटी’. मुळाकडून पानाकडे जाणाऱ्या पाण्यातून सोडियम वाटेतच गाळून घ्यायचं हे त्याचं काम. घेवडा सोडियम मुळात आणि खोडाच्या बुडाशी अडवून धरायचा प्रयत्न करतो, पानांपर्यंत जाऊ देत नाही. घरातल्या मोठ्यांनी सोसावं आणि लेकरांपर्यंत झळ पोचू देऊ नये, तशातलाच प्रकार.

तहानेसाठी वेगळी सोय आहे. काही जनुकं पेशीत प्रोलीन नावाचा पदार्थ तयार करवतात. त्यामुळे पेशीतलं पाणी टिकून राहायला मदत होते. मिठाच्या ताणानं पेशीत घातक रसायनं तयार होतात, ती निस्तरायला आणखी वेगळी कुटुंबं असतात. आणि या सगळ्यांना हुकूम कोण देतं? तर मुकादम जनुकं. ती स्वतः काम करत नाहीत, कुठलं पान केव्हा उघडायचं ते ठरवतात. त्यांचीही कुटुंबं आहेत: डब्ल्यूआरकेवाय, बीझिप, एमवायबी, एनएसी अशी नावं असलेली. इस्तंबूलच्या बोगाझिची विद्यापीठातल्या संशोधकांनी मीठ सोसणारा घेवडा खारट पाण्यात वाढवून त्याची मुळं आणि पानं तपासली. २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. त्यांना ५९ कुटुंबांतली २ हजार ६७८ मुकादम जनुकं सापडली आणि त्यातल्या ४४१ जणांची हालचाल मिठामुळे बदलली होती. चारशे एक्केचाळीस मुकादम! मग खाली राबणारे किती असतील?

आमच्या बैठकीत हा आकडा सांगितला तेव्हा त्याच काकू पटकन म्हणाल्या, “म्हणजे एक जीन घालून काय व्हायचंय गं? एकटी सून आणून खटलं चालतंय व्हय?” मला जे चार पानं वाचून कळलं ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं!

याचा अर्थ एका जनुकानं काहीच होत नाही असा नाही. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोत एनएचएक्स कुटुंबातल्या एका जनुकाचं काम वाढवलं. ते झाड समुद्राच्या पाण्याच्या साधारण ४० टक्के खारटपणातही फळलं. मीठ पानांत साठलं, फळं खारट झाली नाहीत. पण प्रयोगशाळेतलं कौतुक वेगळं आणि रान वेगळं. इतकी वर्षं झाली, तो टोमॅटो शेतकऱ्याच्या हातात आलेला नाही. उलट ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी गव्हाच्या एका प्राचीन भावंडातलं एचकेटी कुटुंबातलं जनुक साध्या संकरानं, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत, शेवया-पास्त्याच्या गव्हात आणलं. २०१२ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की खाऱ्या रानात त्या गव्हाचं उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढतं. आपल्याकडे कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनं ‘करनाल चना-१’ हे खारट जमीन सोसणारं हरभऱ्याचं वाण दिलं. मे २०२५ मध्ये ‘पूसा डीएसटी राइस १’ या भाताची घोषणा झाली. त्यात बाहेरचं जनुक घातलेलं नाही. भाताच्याच एका मुकादम जनुकाला गप्प बसवलेलं आहे.

घेवड्याचं काय? जनुक घातलेला घेवडा विकायला आपल्या देशात परवानगीच नाही. असं जनुक घातलेलं पीक म्हणून आपल्या शेतकऱ्यांच्या रानात कायदेशीर उभा आहे तो बीटी कापूस. ब्राझीलनं २०११ मध्ये एक घेवडा मंजूर केला, पण तो विषाणूच्या रोगाविरुद्धचा, मिठाविरुद्धचा नव्हे. मग आम्ही त्या विक्रेत्याला तीन साध्या गोष्टी विचारल्या. पिशवीवर वाणाचं नाव आणि लेबल कुठं आहे? विक्रीचा परवाना आहे का? पक्की पावती देणार का? तिन्हींचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. जीप दुसऱ्या गावाला गेली, गटाचा पैसा गटात राहिला.

खरं सांगू का, अशी जनुकं असली तरी रोपाला ती फुकट राबत नाहीत. सोडियम उपसायला ताकद लागते, प्रोलीन करायला ताकद लागते. तहान वाचवायला पानांची छिद्रं मिटून घ्यावी लागतात, म्हणजे अन्नही कमी तयार होतं. सगळी कमाई दवाखान्यात गेली तर घरात काय उरणार? तसंच होतं. झाड जगतं, पण शेंगा धरत नाही. त्यातून मुळांवर गाठी धरायचं आणि हवेतला नत्र बांधायचं काम तर मिठाला फारच हळवं. म्हणून ‘बी बदललं की झालं’ हा विचार अर्धवट आहे. बी कितीही गुणाचं असलं तरी जमिनीतलं मीठ वाढत राहिलं तर त्याचाही नाइलाज होतो.

तरी बी महत्त्वाचं आहेच, आणि इथं आपल्या हातात मोठी गोष्ट आहे. जनुक कुटुंब सगळ्या घेवड्यांत तेच असलं तरी वाणावाणात बारीक फरक असतात. कुणाचा पंप जोरकस, कुणाचा मुकादम चपळ. अमेरिकेच्या नैऋत्येला आणि मेक्सिकोच्या वाळवंटात घेवड्याचा एक रानटी भाऊ वाढतो, तो आपल्या घेवड्यापेक्षा मीठ बरंच सोसतो. असे फरक पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून कोलंबियात एका आंतरराष्ट्रीय बीज बँकेत घेवड्याचे ३७ हजारांहून जास्त नमुने जपून ठेवलेत. आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम घरच्या मडक्यांतून केलं. वालाचे, भाज्यांचे, भाताचे कितीतरी जुने वाण त्यांनी राखले. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईनं जे जपलं ते उद्याच्या शास्त्रज्ञाला मागायला यावं लागेल.

तर मैत्रिणींनो, करायचं काय? घेवडा करपला की औषध फवारायच्या आधी मातीचा नमुना तपासायला द्या. वाहकता आणि सामू, दोन्ही आकडे मागा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन वाहकता मोजतात. तो आकडा मी वर दिलेल्या युनिटांपेक्षा कमी येतो, कारण ती युनिटं पाण्यानं जेमतेम संपृक्त केलेल्या मातीच्या अर्काची आहेत. म्हणून आकडा कुठल्या पद्धतीचा ते विचारून घ्या. सामू साडेआठच्या वर असेल तर जमीन चोपण होत चालली असं समजा. तिथं जिप्समचा विचार कृषी सहायकाला विचारून करा. नुसती क्षारयुक्त असेल तर जिप्सम नव्हे, निचरा हवा. शिरोळकडे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून शेकडो एकर रान सुधारलंय. तो खर्च एकट्या घराला पेलत नाही, शेजारच्या रानकऱ्यांनी एकत्र यावं लागतं.

आपल्या हातातल्या गोष्टीही आहेत. वरंब्याच्या माथ्यावर मीठ जास्त साठतं, म्हणून बी माथ्यावर टोकू नका, बगलेला टोका. उसाचं पाचट जाळू नका, पसरा. माती झाकलेली राहिली की मीठ वर कमी येतं. पाणी ठिबकनं आणि गरजेपुरतं द्या. धैंचा गाडा. आणि घेवडा येईनासा झालाच तर त्या तुकड्यात चवळी लावून बघा. तिला ४.९ युनिटपर्यंत फारसा त्रास होत नाही. आमच्या काकूंनी मागच्या वर्षी तेच केलं. बाजाराची पाटी रिकामी गेली नाही.

घरच्या घेवड्याचं बी मात्र टाकून देऊ नका. खारवट कडेला ज्या वेलाला चार शेंगा जास्त लागल्या, त्याच्या शेंगा खुणेची दोरी बांधून वेगळ्या वाळवा. राखेत घालून डब्यात ठेवा आणि कुठल्या तुकड्यातलं, कुठल्या सालाचं, ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका. आणि घरात पाण्याचा, पाइपचा, पिकाचा विषय निघाला की चहा ठेवून स्वयंपाकघरात जाऊ नका, तिथंच बसा. रानात मीठ वाढतंय हे उसाच्या टनेजवरून कळायला वर्षं जातात. घेवड्यावरून ते एका हंगामात कळतं, आणि घेवडा कुणी लावलाय? आपणच.